तीन मिनिटांचें साधन : एका कौटुंबिक फिल्मची चिकित्सा

इतिहाससाधन म्हटलें कीं आम्हां मंडळींच्या डोळ्यांसमोर रुमालांत बांधलेलीं दप्तरें, मोडी कागद, ताम्रपट, फार तर एखादें नाणें उभें राहतें. कोणा प्रवाशानें हौसेखातर घेतलेल्या चलच्चित्राची गणना त्यांत करण्यास आमचेंही मन धजत नव्हतें. ग्लेन कर्ट्झ यांचें सन २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेलें ‘थ्री मिनिट्स इन पोलंड’ हें पुस्तक आणि त्याच फिल्मवर बियांका स्टिग्टर यांनीं सन २०२१ मध्यें केलेला ‘थ्री मिनिट्स : अ लेंग्थनिंग’ हा ६९ मिनिटांचा चित्रपट, हीं दोन्ही पाहिल्यावर आम्हांस आपलें मत सोडावें लागलें. दोन्ही कृतींचा विचार संशोधकाच्या दृष्टीनें व्हावा, एवढ्यासाठीं हा लेख आहे.

मूळ हकीकत थोडक्यांत अशी. डेव्हिड कर्ट्झ हे बालपणींच पोलंडांतून अमेरिकेस गेलेले गृहस्थ. सन १९३८ च्या उन्हाळ्यांत ते युरोपच्या सहलीस गेले, व वॉर्साच्या उत्तरेस असलेल्या नाशेल्स्क या आपल्या जन्मगांवीं उतरले असतां त्यांनीं १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानें तीन मिनिटांहून थोडें अधिक चित्रण केलें. कांहीं रंगीत, कांहीं कृष्णधवल. मुलें कॅमेऱ्यापुढें येण्यासाठीं एकमेकांस ढकलीत आहेत, माणसें सभागृहांतून बाहेर पडत आहेत, एवढाच मजकूर. पुढल्याच वर्षीं, ता. ३ डिसेंबर १९३९ रोजीं, जर्मन सैन्यानें गांवांतील ज्यू रहिवाशांस घरांबाहेर काढून आगगाडींत घातलें. सुमारें ३००० ज्यूंपैकीं युद्धाअखेर शंभरहि उरले नाहींत. ती फिल्म मात्र फ्लॉरिडांतील घराच्या एका कपाटांत पडून राहिली व सन २००९ मध्यें नातवाच्या हातीं लागली.

येथून पुढें जें घडलें त्यांत आम्हांस विशेष गोडी वाटली, कारण तें तंतोतंत पोथीचें प्रकरण आहे. हौशी लोकांची त्या काळची १६ मिलिमीटरची फिल्म बहुधा ‘रिव्हर्सल’ जातीची असे. म्हणजे कॅमेऱ्यांत फिरलेली पट्टीच धुऊन पडद्यावर दाखवीत, वेगळी निगेटिव्ह नसे. अर्थात् ती एकमेव प्रत. ती गेली कीं पाठच गेला. शिवाय तिचें अंग ॲसिटेटचें. उष्णता व दमट हवा लागली म्हणजे त्याचें विघटन होऊन ॲसेटिक आम्ल सुटतें, आणि सुटलेलें आम्ल पुढील विघटनास आणखी वेग देतें. डबा उघडतांच शिरक्याचा दर्प येतो. पट्टी आखडते, ठिसूळ होते, वेढे एकमेकांस चिकटतात. कर्ट्झ यांची फिल्म या अवस्थेस पोंचली होती. त्यांनीं ती वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट संग्रहालयाच्या स्वाधीन केली, तेथून ती जाणत्या प्रयोगशाळेंत गेली, आणि उतरवून घेतलेली प्रत संग्रहालयानें सर्वांस पाहण्यास खुली ठेविली.

खुली ठेविली म्हणूनच पुढचा लाभ झाला. एका स्त्रीनें ती पाहतां पाहतां घोळक्यांतील तेरा वर्षांच्या मुलाचा चेहरा ओळखला. तो तिचा आजा, आणि तो हयात होता. त्या वृद्धानें मग इतर कित्येकांचीं नांवें सांगितलीं. कपाटांत राहिलेल्या फिल्मला हा टीकाकार कधींच भेटला नसता.

नातवाचा प्रथम समज असा होता कीं, हें गांव आपल्या आजीचें, बेरेझ्नें. पुराव्याची छाननी झाल्यावर तें आजोबांचें नाशेल्स्क ठरलें. घरचीच वस्तु, घरचाच माणूस, आणि तरी स्थलनिर्णय चुकला! आपल्याकडील ‘आमच्या घराण्यांत असें सांगतात’ या पुराव्यावर विसंबणाऱ्यांनीं पुस्तकांतील हा भाग अवश्य वाचावा. कर्ट्झ आपली चूक लपवीत नाहींत, हा त्यांचा मोठा गुण. ते आपल्या प्रवासाचें व मुलाखतींचें वर्णन मात्र फार पाल्हाळानें करतात. मधलीं कांहीं प्रकरणें आम्हीं चाळूनच पुढें गेलों.

स्टिग्टर यांची रीति अगदीं उलट. त्यांनीं मूळ तीन मिनिटांबाहेर दुसरें एकहि दृश्य घेतलेलें नाहीं. तेंच चित्र थांबवायचें, मागें न्यायचें, एका कोपऱ्यावर जवळून पाहायचें. दुकानाच्या पाटीवरील पुसट अक्षरें लावण्याचा खटाटोप पाहतांना आम्हांस कीड लागलेल्या पानावरील अर्धा श्लोक लावतांनाचे दिवस आठवले. दीडशेंहून अधिक चेहरे एकेक वेगळे काढून मांडले आहेत. मोजक्यांचीच नांवें ठाऊक असतां बाकीच्यांची जागा रिकामी ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्यांत आहे. हांकलून लावण्याच्या दिवसाची साक्ष ऐकूं येते तेव्हां पडद्यावर केवळ चौक दिसतो. याहून संयमी भाष्य आम्हीं पाहिलेलें नाहीं.

एक दोष मात्र आम्ही दाखवूंच. मूळ फिल्म मुकी आहे. तिला पार्श्वसंगीत जोडणें म्हणजे मूळ संहितेंत भाष्यकारानें आपली ओळ घुसडण्यासारखें आहे. शाईचा रंग वेगळा असला तरी प्रक्षेप तो प्रक्षेपच. निदान एकदां ती संपूर्ण आणि संपूर्ण निःशब्द दाखवावयास हवी होती.

हिंदुस्थानांत राहून गेलेल्या इंग्रज कुटुंबांचीं असलीं चित्रणें केंब्रिज येथील दक्षिण आशिया अध्ययन केंद्रानें जमवून लोकांपुढें ठेविलीं आहेत. त्यांत साहेबांच्या मेजवानीमागें उभा असलेला माणूस आपला असतो, त्याचें नांव कोणी लिहिलेलें नसतें. आपल्या लोकांनीं घेतलेलीं चित्रणें मात्र माळ्यावर आहेत.

गेल्या पावसाळ्यांत एका जुन्या विद्यार्थ्यानें आमच्यापुढें पत्र्याचा डबा ठेविला. आंत त्याच्या चुलत्याच्या मुंजीची, साठ वर्षांपूर्वींची, ८ मिलिमीटरची फिल्म. झांकण उघडतांच तोच दर्प. आम्हीं ही फिल्म त्या घरीं पंचवीस वर्षांपूर्वीं भिंतीवर पाहिली होती. तिची प्रत मागितली तेव्हां ‘घरच्या बायकामाणसांचें चित्र बाहेर कशाला?’ असें उत्तर मिळालें. तो संकोच आम्हांस सर्वथा अनाठायीं वाटत नाहीं. कांहीं दृश्यें घरचींच राहावीं, आणि जीं माणसें हयात आहेत त्यांस विचारल्यावांचून कांहींच बाहेर जाऊं नये. परंतु प्रत करून ठेवणें निराळें आणि ती चव्हाट्यावर मांडणें निराळें. शिवाय त्या दिवशीं घरांतील आत्याबाई पडद्याजवळ बसून प्रत्येकाचें नांव मोठ्यानें सांगत होत्या, आणि आमच्या खिशांत टांक व वही असतांहि आम्हीं एकहि नांव उतरून घेतलें नाहीं. मालकांस दोष देतांना हेंहि नमूद करणें प्राप्त आहे.

आत्याबाई दोन वर्षांपूर्वीं वारल्या. डबा सध्यां आमच्या संग्रहांतील इतर फिल्मांपासून दूर, कोरड्या व थंड जागीं ठेविला आहे. जुन्या प्रक्षेपकावर ती पट्टी चढवूं नये असें आम्हीं विद्यार्थ्यास बजाविलें आहे, आणि ती उतरवून घेण्यास जाणत्या माणसाकडे धाडण्याची व्यवस्था चालली आहे. घरांतील तिघांच्या मदतीनें आजवर सात नांवें लागलीं. मांडवाच्या खांबाशीं उभा असलेला, हातांत पितळी तांब्या घेतलेला मुलगा कोण, हें अद्याप लागलेलें नाहीं.