अतिशीत अणूंच्या जालकातील अतिप्रवाही व निरोधक प्रदेश : एका प्रयोगाचे पुनर्वाचन

मार्कुस ग्राइनर, इमानुएल ब्लॉख व सहकाऱ्यांचा २००२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आता पदव्युत्तर अध्यापनाचा भाग झाला आहे. लेसर किरणांनी निर्माण केलेल्या प्रकाशीय जालकात रुबिडियमचे सुमारे दोन लाख अणू ठेवले गेले. जालक उथळ असता अणू टनेलिंगद्वारे खळग्याखळग्यांतून फिरतात आणि मेघ मोकळा सोडल्यावर व्यतिकरणाची ठळक शिखरे दिसतात. जालक खोल केल्यावर परस्परप्रतिकर्षण वरचढ ठरते, प्रत्येक खळग्यात पूर्णांक संख्येने अणू अडकतात, शिखरे पुसली जातात. आधी अतिप्रवाही, नंतर मॉट निरोधक, अशी ही सुटसुटीत मांडणी आहे.

परंतु ही मांडणी अपुरी आहे. अणूंना धरून ठेवणाऱ्या सापळ्यात घनता मध्यभागी अधिक व कडेला विरळ असते. त्यामुळे एकाच मेघात निरोधक थर आणि अतिप्रवाही कवचे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे शेजारी नांदतात. डीटर याक्श व सहकाऱ्यांनी १९९८ सालीच हे सहअस्तित्व सिद्धांतरूपाने मांडले होते; तरीही अध्यापनात ते क्वचितच डोकावते. व्यतिकरणचित्र तर संपूर्ण मेघाची बेरीज दाखवते, कोठे काय आहे ते सांगत नाही. शिवाय निरोधक अवस्थेतही अल्प व्यतिकरण शिल्लक राहते, हे गेर्बिए व सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले. तेव्हा शिखर दिसले म्हणजे अतिप्रवाहिता आहे, हे समीकरण टिकत नाही.

खरा प्रश्न या प्रदेशांच्या परस्परसंबंधाचा आहे. मेघातील प्रत्येक स्थान स्वतंत्र, एकजिनसी नमुना आहे असे मानण्याची पद्धत गणिताला सोयीची आहे. सीमेवरील अणू मात्र दोन्हीकडे टनेलिंग करतात आणि निरोधक थर अणूंच्या वहनाला अडसर ठरतो. शिकागो येथील चेंग चिन यांच्या गटाने २०१० साली द्विमितीय जालकातील सीझियम अणूंवर हे प्रत्यक्ष पाहिले. अणूंचे मेघभर फेरवाटप समतोलास येण्यास टनेलिंगच्या सूक्ष्म कालमानापेक्षा शंभरपटींहून अधिक काळ लागला आणि निरोधक अवस्थेत वहन आणखी मंदावले.

या निष्कर्षाच्या प्रकाशात २००२ च्या प्रयोगातील एक लाडका आकडा पुन्हा तपासावा लागतो. जालक उथळ केल्यावर सुमारे ४ मिलिसेकंदांत शिखरे परतली. अणू व मिती भिन्न असल्याने दोन्ही प्रयोगांची थेट तुलना अर्थातच करता येत नाही. तथापि जवळच्या खळग्यांतील सुसंगती परतणे आणि संपूर्ण मेघ समतोलात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरली जाते. शिकागोच्या नमुन्यात तर केंद्रभागाचे प्रभावी तापमान कमी आढळले. संपूर्ण मेघाला एकच तापमान देणारी गणिते तेथे लागू पडत नाहीत.