इंजिनाचा षड्ज

मोटारशर्यतीच्या चित्रपटाला संगीत द्यायचे म्हणजे गवई गात असताना त्याच्या शेजारी दुसरा गवई बसवण्यासारखे आहे. हे मी केवळ चमत्कृतीसाठी म्हणत नाही. बारा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८००० फेरे घेऊ लागले की त्यात सेकंदाला ८०० स्फोट होतात. इतके जलद स्फोट कानाला सुटे ऐकू येत नाहीत. त्यांचा स्वर होतो. वेग वाढला की तो मींडेने चढतो, वरचा गिअर पडला की खाली येऊन पुन्हा चढू लागतो. ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने गाडी आपल्यासमोरून निघून जाते तेव्हा तिचा स्वर पंचमावरून षड्जावर उतरतो. हे ध्वनिशास्त्राचे साधे गणित आहे. गदगच्या भीमसेनजींना गाण्याच्या खालोखाल मोटारींचे वेड होते. त्यांच्या कानाने यातले काय काय टिपले असेल, असे मला नेहमी वाटते.

जॉन फ्रँकनहायमरच्या ‘ग्रां प्री’ला (१९६६) तीन ऑस्कर मिळाले: ध्वनी, ध्वनिपरिणाम आणि संकलन. संगीत मोरिस जारचे, पण मोनॅकोच्या पहिल्या शर्यतीत त्याचा वाद्यवृंद गप्प आहे. पाने फिरतात, इंजिने गुरगुरतात आणि आपण खुर्चीत सावरून बसतो. पुढे फ्रान्सच्या शर्यतीत मात्र दिग्दर्शक इंजिने मागे सारून तरल सुरावट पुढे आणतो. गाड्या जणू नाचू लागतात. दृश्य देखणे आहे, यात वाद नाही. पण भीती नाहीशी होते. वळणापाशी इंजिनाचा स्वर किंचित पडला, तर चालकाने पाय उचलला हे आपल्याला कळते. नाही पडला, तर तो जिवावर उदार झाला हेही कळते. शर्यतीचे सारे नाट्य या एका श्रुतीत असते. वाद्यवृंदाने ती झाकली की काय वाटून घ्यायचे ते संगीतकार सांगतो, काय घडले ते मात्र कळत नाही. रॉन हॉवर्डच्या ‘रश’मध्ये (२०१३) हॅन्स झिमरच्या ताल-तंतुवाद्यांखाली हे वारंवार घडते. हंट आणि लाउडा यांचे १९७६ सालचे वैर मुळातच एवढे तापलेले, की त्याला फुंकणीची गरज नव्हती.

स्टीव्ह मॅक्क्वीनच्या ‘ल मां’ला (१९७१) लोकांनी कंटाळवाणा म्हटले. कथानक क्षीण आहे, मान्य. सुरुवातीचा अर्धा तास तर पात्रे जवळजवळ बोलतच नाहीत. पण शर्यत सुटण्याआधीचा क्षण पाहा, किंबहुना ऐका! गर्दीचा कोलाहल विरतो, उरतात फक्त हृदयाचे ठोके. आणि निशाण पडताच सगळी इंजिने एकदम फुटतात. समेवर येणे याहून वेगळे काय असते? मिशेल लग्रांसारखा सुरांचा धनी हाताशी असून तिथे त्याला थांबवणे, ही संयमाची गोष्ट आहे.

क्लोद ललूशने तर १९७६ साली पहाटेच्या पॅरिसमधून एक गाडी आठ-नऊ मिनिटे सुसाट पळवली आणि त्या लघुपटात संगीत अजिबात ठेवले नाही. मात्र चित्रण झाले मर्सिडीजमधून, आणि आवाज नंतर भरला तो फेरारीचा. चेहरा एकीचा, गळा दुसरीचा! पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला याचा राग कसा यावा? ललूशला कोणता गळा हवा ते ठाऊक होते, एवढेच.

‘ग्रां प्री’ला मी अजून सोडलेले नाही, ते त्याच्या शेवटामुळे. हंगाम संपलेला आहे. एक सहकारी चालक मृत्यू पावला आहे. जेम्स गार्नर मोंझाच्या रिकाम्या मार्गावर एकटाच चालतो आहे. आसपास एकही गाडी नाही, आणि तरीही इंजिने सुरू झाल्याचा आवाज हळूहळू त्याच्याभोवती भरत जातो.