एक मिलिसेकंद, पण कशाचा?

माझा भाचा यंदा बारावी झाला. संगणकावर खेळ खेळण्यासाठी त्याला नवा मॉनिटर हवा होता. "मावशी, तू फिजिक्सवाली ना, मग तूच चल," असे म्हणून तो मला दुकानात घेऊन गेला. तिथे मांडलेल्या तीन खोक्यांवर एकच आकडा ठळक छापलेला होता : १ मिलिसेकंद. किमतींत मात्र पहिल्यापेक्षा तिसरा दुपटीहून महाग. आकडा एकच, मग जादा पैसे कशाचे?

चष्मा पुसून बारीक अक्षरे वाचली. एका खोक्यावर 'जीटीजी' होते, दुसऱ्यावर 'एमपीआरटी', तिसऱ्यावर काहीच नव्हते. जीटीजी म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, एका करड्या छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला किती वेळ घेतो तो काळ. तोही बहुधा १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचाच बदल मोजून आणि सर्वांत अनुकूल जोडी निवडून. एमपीआरटी म्हणजे हलणाऱ्या चित्राची कड आपल्याला किती काळाइतकी फरफटलेली दिसते ते माप. या दोन वेगळ्या राशी आहेत. एकाची उंची आणि दुसऱ्याचे वजन एकाच रकान्यात लिहावे तसा हा प्रकार आहे, आणि तो चुकून झाला असेल असे मला वाटत नाही.

फरक समजून घ्यायला शाळेतला संगणक पुरेसा आहे. पडद्यावर मजकुराचे पान एकसारख्या वेगाने वर सरकू द्या आणि मुलांना एखादा शब्द डोळ्यांनी पाठलाग करत वाचायला सांगा. अक्षरे पुसट होतात. आता पडद्यासमोर पेन्सिलीचे टोक धरा, नजर त्यावरच खिळवा आणि पान पुन्हा सरकवा. अक्षरे आता टप्प्याटप्प्याने उड्या मारत गेल्यासारखी वाटतात. पडद्याने दोन्ही वेळा तेच केले, बदलली ती फक्त नजर.

याचे कारण असे. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवतो आणि प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी धरून ठेवतो. पाठलाग करणारा डोळा मात्र थांबत नाही, तो सलग फिरत राहतो. त्यामुळे स्थिर चित्र दृष्टिपटलावर मागे घसरते. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा एखादी मोटार २ सेकंदांत पार करत असेल, तर तिचा वेग सेकंदाला ९६० पिक्सेल. त्याला ६० ने भागा : १६ पिक्सेलांचा फराटा. १२० हर्ट्झला तो ८, २४० हर्ट्झला ४. या गणितात पिक्सेल किती चटकन बदलतो हे कुठे आले? आलेच नाही. ओलेड पडद्याचे पिक्सेल १ मिलिसेकंदाच्याही आत बदलतात, तरी ६० हर्ट्झला फराटा १६ पिक्सेलांचाच.

जुन्या काचनळीच्या पडद्यावर हा दोष जाणवत नसे, कारण तिथला ठिपका क्षणभर उजळून विझत असे. उरलेला वेळ अंधार, मग घसरणार काय? तोच अंधार एलसीडीत परत आणायचा म्हणजे मागचा दिवा सतत न जाळता प्रत्येक चित्राला एकदाच चमकवायचा. एनव्हिडियाने २०११ साली त्रिमिती चष्म्यांसाठी 'लाइटबूस्ट' आणले. साध्या चित्रातही त्याने फराटे जातात हे पुढे हौशी खेळाडूंनी हेरले. नंतर ही सोय 'यूएलएमबी' नावाने मॉनिटरांत आली.

उपाय खरा आहे, पण त्याची किंमत खोक्यावर छापत नाहीत. १२० हर्ट्झला एका चित्राच्या वाट्याला ८.३ मिलिसेकंद येतात. दिवा त्यातला १ मिलिसेकंदच लागला तर प्रकाश साधारण आठवा हिस्सा उरतो. दिवा जास्त तेजाने पेटवून थोडी भरपाई होते, सगळी नाही. शिवाय एलसीडीचे चित्र वरून खाली बदलत जाते. दिवा चमकतो तेव्हा मधला भाग स्थिरावलेला असतो, पण वर किंवा खाली जुन्या चित्राची भुते दिसतात. लुकलुकण्याने काहींचे डोके दुखते. सर्वांत मोठी अट अशी की खेळाने दर चमकेला नवे चित्र द्यायला हवे. एकच चित्र दोनदा चमकले तर पाठलाग करणाऱ्या डोळ्याला दोन मोटारी दिसतात. आसुसचा २०१४ सालचा पीजी२७८क्यू घ्या. तो १४४ हर्ट्झचा, पण यूएलएमबी १२० पर्यंतच. खेळाच्या गतीप्रमाणे पडद्याची गती जुळवून घेणारे जी-सिंक आणि यूएलएमबी एकाच वेळी चालू करता येत नसत. दोन्ही नावे जाहिरातीत मात्र एकत्र नांदत.

भाच्याच्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड त्याच्या आवडत्या खेळात सेकंदाला ७०-८० चित्रे देते. त्याला चमकणारा दिवा घेऊन देणे म्हणजे दोन मोटारी विकत घेणे. आम्ही जुळती गती असलेला १४४ हर्ट्झचा, मधल्या किमतीचा मॉनिटर घेतला. घेण्यापूर्वी पडदा पांढरा करून त्यासमोर पेन्सिल भराभर हलवली. सतत जळणाऱ्या प्रकाशात पेन्सिलीचा सलग पंखा दिसतो, चमकणाऱ्या प्रकाशात सुट्या सुट्या पेन्सिली. महागड्या मॉनिटरवर सोय चालू केली तेव्हा त्या इतक्या स्पष्ट दिसल्या की दुकानातला मुलगाही पेन घेऊन आला.

अंधार न करता फराटा कमी करायचा तर चित्रे वाढवणे एवढाच मार्ग उरतो. २०२४ पासून ४८० हर्ट्झचे ओलेड मॉनिटर बाजारात आहेत. आपल्या मोटारीचा फराटा त्यांवर २ पिक्सेलांचा होईल, पण सेकंदाला ४८० चित्रे पुरवणारे कार्ड हवे. त्या कार्डाची किंमत भाच्याने शोधून ठेवली आहे. ती त्याने अजून वडिलांना सांगितलेली नाही.