कमी आकडा म्हणजे कमी आजार?

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०१२–२०१६चा अहवाल उघडलात, की वयानुरूप प्रमाण देशात सर्वांत कमी असलेल्या नोंदणीत आपलं जुनं नाव दिसतं: उस्मानाबाद-बीड. पुरुषांत लाखामागे ३९.५; ऐझॉलमध्ये २६९.४. आता प्रबंधासाठी तुम्ही विषय घेतलात डोळ्याच्या खोबणीतल्या दुर्मिळ गाठींचा. हा अहवाल तुम्हाला किती पुरेल? माझ्या मते, फारच थोडा.

एक तर 'डोळा' ही एकच ओळ आहे, सी-६९. लहान मुलांचा रेटिनोब्लास्टोमा, अश्रुग्रंथीचा कर्करोग आणि खोबणीतली गाठ, सगळे त्याच ओळीत. शिवाय मोजल्या जातात त्या घातक गाठी.

खरी अडचण त्याच्याही आधी, निदानात आहे. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर घ्या. डोळा हळूहळू पुढे येतो, दुखत नाही. एमआरआयवर गाठीच्या कडा स्पष्ट, कॉन्ट्रास्ट दिला की ती उजळते. पण कॅव्हर्नस हिमँजिओमा किंवा श्वानोमाही असाच दिसू शकतो. गाठ कुठे आहे, दृष्टीच्या नसेला किती चिकटली आहे, हे स्कॅन सांगतो. नाव ठरतं पॅथॉलॉजीत. तिथेही सीडी-३४ पुरत नाही, ते इतर गाठींतही येतं. पेशीकेंद्रकात स्टॅट-६ दिसलं की खात्री वाढते, कारण एनएबी-२ आणि स्टॅट-६ ही जनुकं या गाठीत जोडली गेलेली असतात. हे कळलं २०१३मध्ये. त्याआधी यातल्या अनेक गाठींवर हिमँजिओपेरिसायटोमाचं लेबल लागलं. म्हणून जुने आणि नवे आकडे सरळ शेजारी ठेवू नका.

याचा अर्थ नोंदणी वाया गेली असा नाही. बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७पासून आहे, त्यात आपले भूम आणि परंडाही येतात. रुग्णाने उपचार कुठेही घेतले, तरी नोंद राहत्या गावाची होते. हे मोठं काम आहे. फक्त ते या प्रश्नासाठी बांधलेलं नाही.

तेव्हा आकडा उचलण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणत्या कोडखाली मोजलं? निदान स्कॅनवर की स्लाइडवर? आणि कोणत्या वर्षाच्या वर्गीकरणाने? हा नुसता प्रबंधाचा प्रश्न नाही. ही गाठ काढल्यावर कित्येक वर्षांनीही परत येऊ शकते. 'साधी गाठ होती' असं ऐकून गावी गेलेला माणूस तपासणीला पुन्हा येईलच कशाला?