खर्ड्याच्या मोहिमेचे साक्षीदार आणि ‘मोगलाई’चा निवाडा

‘ही काय मोगलाई आहे?’ असें आपण आजहि सहज बोलून जातों. बेबंद कारभाराला चिकटलेलें हें नांव मुळांत निजामाच्या राज्याचें. आणि चाकूर, उदगीर, औसा हा प्रस्तुत लेखकाचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच राज्यांत होता. उलट ‘पेशवाई’ हा शब्द भाषेंत थाटासाठीं राहिला. दोन शेजारी राज्यांविषयीं असा निवाडा कोणाच्या साक्षीवर झाला, हें खर्ड्याच्या मोहिमेच्या आधारें तपासून पाहण्याचें योजिलें आहे. कारण त्या प्रकरणाचे कागद विपुल छापले गेले आहेत.

तपासणीची कसोटी नवी नाहीं. न्यायशास्त्रांत शब्द हें प्रमाण मानतात तें आप्ताच्या वचनापुरतें. ज्यानें वस्तु स्वतः पाहिली आहे आणि पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. वात्स्यायनानें हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या तिघांनाहि सारखेंच लावलें आहे. तेव्हां साक्षीदार आपला कीं परका हें विचारावयाचें नाहीं. त्यानें काय पाहिलें आणि कोणासाठीं लिहिलें एवढेंच विचारावयाचें.

पहिले साक्षीदार पुण्याचे वकील. गोविंदराव काळे व गोविंदराव पिंगळे हे निजामअल्लीच्या दरबारीं असतां चौथाईच्या थकबाकीचा वाद निघाला. दिवाण मुशीरुल्मुल्क यानें भर दरबारांत, हिशेब समजावण्यास नानानें जातीनें यावें, असें त्यांस सुनावलें. पुढें पेशव्यास लंगोटी नेसवून काशीस धाडण्याची भाषाहि त्यानें केली. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत दिलेल्या या गोष्टी तेव्हांपासून पुनःपुनः सांगितल्या जात आहेत. आमचा आक्षेप त्या खोट्या आहेत असा नाहीं. दिवाणाच्या उद्दामपणाविषयीं वकील आप्त ठरतील; कारण हिशेबाचे शब्द त्यांच्या तोंडावर बोलले गेले. परंतु लढाईपूर्वी एका मंत्र्यानें मारलेल्या फुशारकीवरून त्या राज्याचा महसूल, न्याय व रयतेची स्थिति यांविषयीं मत बनवणें म्हणजे एका साक्षीवर दुसराच खटला निकालांत काढणें होय. शिवाय हें मत पुण्यास तरी किती दिवस टिकलें? ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्यास निजामाचा मोड झाला व हाच दिवाण ओलीस म्हणून पुण्याच्या हवालीं झाला. ऑक्टोबरांत सवाई माधवराव वारले, गादीचा तंटा उभा राहिला, आणि १७९६ मध्यें महाडास नानांनीं निजामाशीं तह करून खर्ड्यास मिळवलेलें परत देण्याचें कबूल केलें. शत्रूचा मित्र होण्यास दीड वर्ष पुरलें. म्हणून वकिलाचें पत्र वाचतांना मजकुराआधीं मिति पाहिली पाहिजे.

दुसरे साक्षीदार इंग्रज. पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारांतील निजाम-मराठे संबंधांच्या खंडामुळें त्यांची साक्ष अभ्यासकांस सुलभ झाली. पुण्यास मॅलेट, निजामाजवळ विल्यम कर्कपॅट्रिक. यांचें निरीक्षण सूक्ष्म आहे. परंतु डोळा रेमंडच्या फ्रेंच पलटणींवर खिळलेला. १७९३ पासून इंग्रज व फ्रेंच यांचें युद्ध चालू होतें. सर जॉन शोअरनें खर्ड्याच्या वेळीं तटस्थता राखली, आणि १७९८ त त्या पलटणी मोडून हैदराबादेस कंपनीची तैनाती फौज बसली. ज्या राज्याची फौज आपल्या हातीं असावी असें वाटतें, त्याच्या दुर्बलतेचें वर्णन करणारा साक्षीदार निर्हेतुक मानतां येत नाहीं.

तिसरा साक्षीदार, ज्याला कोणी बोलावलेंच नाहीं, तो येथला रहिवासी. निजामाची फौज बेदराहून निघून मांजरेच्या काठानें पुढें गेली. दाणावैरण, वेठबिगार, उभ्या पिकांतून जाणारीं जनावरें, हें ज्यांनीं सोसलें त्यांचें मत काय होतें? त्यांच्या दृष्टीनें शेजारचें राज्य तरी कोणतें? १७१९ च्या सनदांपासून दक्षिणच्या सहा सुभ्यांत चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांची. म्हणजे त्याच शिवारावर मोगली अंमल आणि मराठी अंमल असे दोन हक्क. १७६० त उदगीरच्या तहानें साठ लक्षांचा मुलूख पेशव्यांकडे गेला. अशा दुअमली मुलखांतल्या कुळाला पुणें व हैदराबाद ही दोन्ही नांवें प्रथम वसुलाचींच होतीं.

ही साक्ष छापील ग्रंथांत क्वचित् मिळते. ती देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरच्या बस्त्यांत आहे: कौलनामे, ताळेबंद, महजर, कांहीं मोडींत, कांहीं फार्सींत. तीहि डोळे मिटून घ्यावी असें नाहीं. सूट मागणारा नुकसान वाढवून लिहितो, आणि वतनाच्या तंट्यांतील करीना हा पक्षकाराचाच असतो. पण दोन अंमलांचे आंकडे एकाच गांवच्या कागदांत शेजारीं शेजारीं सांपडले, तर त्यांची तुलना करण्यास कोणाच्या अभिप्रायाची गरज उरत नाहीं.

आमच्या भागांत आणखी एक अडचण आहे. १९४७-४८ मध्यें रझाकारांनीं जें केलें तें आमच्या वडीलधाऱ्यांनीं पाहिलें. त्याविषयीं ते पूर्ण आप्त होत. परंतु त्या स्मृतीनें १७९५ च्या कागदाचा अर्थ लावूं नये. तसा लावल्यास दीडशें वर्षांतील फरक पुसला जातो, आणि दोन्ही काळांवर अन्याय होतो.

संग्राहकांस एवढीच विनंति. वकिलाचें पत्र सांपडलें कीं तें जपलें जातें. गांवचा ताळेबंद ‘नुसता हिशेब’ म्हणून रद्दींत जातो अथवा वाळवीच्या तोंडीं पडतो. असा रुमाल हातीं आल्यास तो फोडून वांटूं नये. गांव, परगणा व घर टिपून, कागदांचा मूळ क्रम न मोडतां ठेवावा. मोगलाई खरोखरच मोगलाई होती असें त्यांतून ठरलें, तरी आमची तक्रार नाहीं. निकाल साक्षीनंतर लागावा, एवढेंच म्हणणें आहे.