जात्याची घरघर आणि सीडीचे सॉफ्टवेअर

दिवाळीत सेलूला गेलो असताना एका शिक्षकमित्राने विचारले, "सर, घरच्या संगणकावर गाण्यांची सीडी तयार करायला सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?" त्यांच्या शाळेच्या ध्वनियंत्रणेला सीडी प्लेअर जोडलेला आहे, पेनड्राइव्ह लावायची सोय त्यात नाही. प्रार्थना, समूहगीते आणि मुलांनी गावातल्या आजीबाईंकडून मुद्रित करून आणलेल्या ओव्या असे सगळे त्यांना सीडीवर घ्यायचे होते. ओव्यांचे नाव निघाल्यावर मी उत्तर देण्याआधी त्यांना घरातली एक जुनी सीडी ऐकवली.

ती सीडी माझ्या मावशीच्या ओव्यांची आहे. मूळ ध्वनिमुद्रण १९८९ साली सेलूच्या घरात, ६० मिनिटांच्या कॅसेटवर झाले. मावशी दळत होती आणि गात होती. २००६ साली एका दुकानात त्या कॅसेटची सीडी करून घेतली. दुकानदाराने मनापासून काम केले. 'खरखर काढून टाकली' असेही त्याने सांगितले. घरी येऊन ऐकतो तो काय, दर पाच मिनिटांनी ओवीच्या मध्येच दोन सेकंद शांतता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जाते गायब झालेले. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे नको असलेला आवाज, असे समजून सॉफ्टवेअरने जात्याची घरघर पुसून टाकली होती. आपल्याकडे सीडी आहेच, म्हणून पुढे कॅसेट कोणी जपली नाही. तिला बुरशी लागली आणि ती टाकून दिली गेली.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर देताना मी 'सोपे कोणते, झटपट कोणते' असे विचारत नाही. हे सॉफ्टवेअर आपल्या आवाजाचे काय करते, ते आपल्याला सांगते का, आणि सांगितले ते तपासता येते का, एवढेच विचारतो.

सीडीवर काय लिहिले जाते?

थोडा हिशेब आधी करू. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार संगीताच्या सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुना २ बाइटांचा, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. ४४,१०० × २ × २ म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. सेकंदाचे ७५ खंड पाडले, की प्रत्येक खंडात २,३५२ बाइट येतात.

संगणकाची माहिती साठवणाऱ्या सीडीवर मात्र त्याच खंडात कामाचे फक्त २,०४८ बाइट असतात. उरलेल्या जागेत त्या खंडाचा पत्ता आणि चुका दुरुस्त करण्याची जादा तजवीज असते. संगीताच्या सीडीवरही चूक दुरुस्त करण्याची व्यवस्था आहे, पण हा दुसरा पहारा नाही. जेथे दुरुस्ती जमत नाही तेथे प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो आणि वेळ मारून नेतो. त्यामुळे बिघाड कानाला कळेलच असे नाही.

यातून पहिली कसोटी मिळते. 'ऑडिओ सीडी' आणि 'डेटा सीडी' हा भेद सॉफ्टवेअरने स्पष्ट विचारला पाहिजे. डेटा सीडीवर टाकलेल्या एमपी-थ्री फाइली जुन्या प्लेअरवर वाजत नाहीत. उलट त्याच एमपी-थ्री फाइलींची ऑडिओ सीडी केली तर ती वाजते, पण आवाज सुधारत नाही. १२८ किलोबिटांच्या एमपी-थ्रीमध्ये सेकंदाला १६,००० बाइट असतात, म्हणजे मुळाच्या साधारण अकरावा हिस्सा. सीडी करताना भांडे पुन्हा मोठे होते, सांडलेले परत येत नाही.

दुसरी कसोटी शांततेची. गाणी एकेक करून, मध्ये लेझर थांबवत लिहिली तर दोन गाण्यांत साधारण दोन सेकंदांची फट पडते. समूहगीतांना ती चालते, अखंड ओवीला चालत नाही. त्यासाठी संपूर्ण सीडी एका दमात लिहिण्याची, म्हणजे 'डिस्क-ॲट-वन्स' ही सोय हवी आणि फट शून्य करता आली पाहिजे. तिसरी कसोटी लुडबुडीची. सगळ्या गाण्यांची पातळी सारखी करणे, खरखर घालवणे ही कामे आपण सांगितल्याशिवाय होता कामा नयेत.

चार सॉफ्टवेअर

विंडोजमधला जुना मीडिया प्लेअर बहुतेक संगणकांवर फुकट मिळतो. ऑडिओ की डेटा, ही निवड त्यात आहे. त्याच्या बाराव्या आवृत्तीत फट न ठेवण्याचीही सोय आहे. पण ती पर्यायांच्या खिडकीत आत दडलेली आहे, आणि तिच्याजवळच पातळी सारखी करण्याची चौकट आहे. त्या चौकटीत खूण आहे का, हे दर वेळी पाहावे. प्रार्थनेच्या सीडीला हे पुरे. जपून ठेवायच्या आवाजासाठी मी ते वापरणार नाही.

नीरो हे १९९७ साली जर्मनीत आलेले, विकत घ्यावे लागणारे सॉफ्टवेअर. त्याच्या चित्रात कलोसियम जळताना दिसते. प्रत्यक्षात ती इमारत रोमच्या नीरो बादशहाच्या मृत्यूनंतर बांधली गेली. गमतीचा भाग सोडला तर हे काम नेमके करते: लिहिण्याची पद्धत आणि प्रत्येक गाण्याआधीची फट आपल्याला ठरवता येते. माझी तक्रार त्याच्या फुगण्याबद्दल आहे. सीडी लिहिण्याच्या साधनाभोवती चित्रफिती, छायाचित्रे असा मोठा पसारा जमत गेला. एवढ्या कामासाठी शाळेने त्यावर पैसे खर्च करावेत असे मला वाटत नाही.

इमगबर्न विनामूल्य आणि लहान आहे. त्याची अखेरची आवृत्ती २०१३ सालची. ते गाण्यांचा क्रम आणि फटी 'क्यू' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवते. ती कोणत्याही लेखनपाटीत उघडून वाचता येते. आपण काय केले याची लेखी नोंद राहते, हा मोठा गुण. दोष एवढाच, की पडदा नवख्याला बुचकळ्यात पाडतो, आणि ते संगणकावर बसवताना सोबत येणाऱ्या इतर वस्तूंना आठवणीने नकार द्यावा लागतो.

लिनक्सवरचे के-थ्री-बी हेही विनामूल्य, शिवाय त्याची मूळ आज्ञावली वाचायला खुली. एका दमात लिहिणे, प्रत्येक गाण्याआधीची फट, पातळीची चौकट, सारे समोर दिसते. लिहिताना आत काय घडले याची नोंदही ते दाखवते. शाळेत लिनक्स असेल तर माझे मत याला. विंडोज असेल तर इमगबर्न.

'यशस्वी' म्हणजे काय?

आता या चौघांवरही एकच आक्षेप. काम संपल्यावर 'यशस्वी' असा शब्द पडद्यावर येतो, तो तपासणीनंतर आलेला नसतो. डेटा सीडी लिहून झाल्यावर ताडून पाहता येते. संगीताच्या खंडांना तसा नेमका पत्ता नसल्याने वाचणारे यंत्र काही नमुने पुढे किंवा मागे सुरुवात करते, आणि सरळ तुलना जुळत नाही. त्यामुळे बहुतेक सॉफ्टवेअर या वाटेला जातच नाही. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' या विनामूल्य सॉफ्टवेअरने सीडी पुन्हा वाचून दोन वेव्ह फाइली ताडता येतात.

वर्गात करण्याजोगी रीतही आहे. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा. सीडी करा, ती परत संगणकात वाचा. मूळ फाइल आणि वाचलेली फाइल 'ऑडॅसिटी'त एकाखाली एक ठेवा, आणि आलेख मोठा करत नमुन्यांचे ठिपके दिसू लागले, की दोन्ही टाळ्या जुळवा. मग एक आवाज उलटा करून दोन्ही मिसळा. ही आवाजांची वजाबाकी झाली. उत्तर शांतता आले तर प्रत बरोबर. एकदा मुद्दाम एमपी-थ्रीवरून केलेली सीडी घेऊन हेच करा. जे सांडले ते मुलांना कानाने ऐकू येईल.

साधी सीडी-आर घ्यावी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी प्रकाश कमी परावर्तित करते आणि जुने प्लेअर तिच्यावर अडतात. सीडी मात्र ऐकण्यासाठी. मूळ वेव्ह फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. एक तासाला ६३,५०,४०,००० बाइट लागतात; आजच्या हार्ड डिस्कवर ही जागा क्षुल्लक आहे.

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या 'पारी' या संकेतस्थळावर २०१७पासून येत आहेत. परभणी जिल्ह्यातल्याच ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज तेथे ऐकता येतो. मूळ ध्वनिमुद्रणे जपली म्हणूनच हे शक्य झाले.

शिक्षकमित्रांना मी शेवटी हेच सांगितले. मावशीची कॅसेट आज हाती असती, तर तिच्यातून दुकानातली सीडी वजा केली असती आणि उरलेल्या आवाजात जाते ऐकू आले असते. वजाबाकीला मूळ संख्या लागते. मुलांनी आणलेल्या ओव्यांची मूळ फाइल, सीडी कितीही छान झाली तरी, पुसू देऊ नका.