दादांचं लिहिणं कुणी तपासलं?

भोर-वेल्ह्यात सिनेमाचा विषय निघाला की लोक भोरचा राजवाडा दाखवतात. तिथे कितीतरी चित्रीकरणं झाली. पण या मुलखाचं मराठी पडद्याशी खरं नातं दादा कोंडक्यांमुळे आहे. कोंडके मूळचे भोर तालुक्यातल्या इंगवलीचे. दादा मात्र १९३२ साली मुंबईत, नायगावात, गिरणी कामगाराच्या घरात जन्मले.

दादांवर लिहिणारे दोनच गोष्टींवर थांबतात: द्व्यर्थी संवाद आणि नऊ रौप्यमहोत्सवांचा गिनेस विक्रम. त्यांच्या लेखनाकडे कुणी वळत नाही. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात दादा हवालदार झाले. संहिता सबनिसांची, पण सोंगाड्याला त्या दिवसाची बातमी, समोरचं गाव, पुढच्या रांगेतला पाहुणा, सगळंच कामी आणायची मुभा. दादा रोज प्रयोग करता करता लिहीत होते. कागदावर नव्हे, एवढंच. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून (१९६९) ते पडद्यावर आले. ‘सोंगाड्या’ची (१९७१) कथा पुन्हा सबनिसांची. तमाशाच्या नादी लागलेला त्यातला भोळा नाम्या आणि रत्नमालाबाईंची करारी आई यांच्यामधला विनोद स्वभावातून उगवतो, म्हणून तो अजून टवटवीत आहे. ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) दादांनी दिग्दर्शनही हाती घेतलं. रंगमंचावरचा हवालदार पडद्यावर आला. शेजारी अशोक सराफ उभे राहिले, तरी दादा झाकोळले नाहीत.

पुढे निर्मिती, दिग्दर्शन, गाणी, मुख्य भूमिका असं सगळंच त्यांच्या हाती आलं. घसरण मला तिथे दिसते. ऐंशीनंतरच्या चित्रपटांत वग, म्हणजे तमाशातलं सलग कथानक, आटत गेला आणि नुसती बतावणी, म्हणजे सुटी विनोदी बोलाचाली, उरली. त्यांना खोडून काढणारा सबनिसांसारखा लेखक जवळ नव्हता. ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’सारख्या (१९८६) हिंदी चित्रपटांत तर ही बतावणीही परक्या गावी जाऊन बसली. अश्लीलतेचा आरोप मला दुय्यम वाटतो. आळसाचा आरोप जास्त खरा आहे.

दादा १९९८ साली गेले. त्यानंतर नट-लेखक झालेच नाहीत असं नाही. गिरीश कुलकर्णींना ‘देऊळ’साठी (२०११) अभिनय आणि संवाद असे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पण त्यांची घडण टेबलावरच्या पटकथेची. प्रेक्षकांसमोर उभं राहून वाक्य घडवण्याची दादांची रीत निराळी. ती आज छोट्या पडद्यावरच्या प्रहसनांत तुकड्यातुकड्यांनी भेटते, आणि प्रहसनाला वगाची लांबी पेलवत नाही.

नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या विभागांनी एक काम करावं. ‘विच्छा’ची छापील संहिता, ‘सोंगाड्या’ आणि ‘पांडू हवालदार’ शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून संवाद ओळीओळीने उतरवून घ्यावेत. सबनीस कुठे संपतात आणि दादा कुठे सुरू होतात, हे आधी ठरवू. श्लील-अश्लीलाचा वाद मग घालू.